एकशे बारा

पोस्टर लावायला आलेल्या पोराला
खळ मीच करून दिली, बेकरीतल्या मैद्याची.
पोहणे साडेसातशे मीटर, सायकल वीस किलोमीटर, धावणे पाच.
वयाची अट कुठे दिसेना, म्हणून विचारलं.
तो म्हणाला, अट नाही, सेन्योरा,
आणि हसला नाही.
हसला असता तर विषय तिथेच मिटला असता.

सत्तेचाळीस वर्षं यांकीवेच्या काठावर काढली.
सरोवर म्हणजे मला भट्टीसमोरची खिडकी:
आधी काळी, मग राखाडी,
मग एकदम ओसोर्नो ज्वालामुखी, उलटा टांगलेला.
त्यात उतरायचंही असतं
हे कधी सुचलं नव्हतं.

पोहायला शिकवलं ग्रासिएलाच्या धाकट्यानं, नेफ्तालीनं.
"ओर्फेलिना मावशी, पाणी मळू नका," म्हणायचा,
"ते फुगणार नाही.
हात घाला, मागे सारा, सोडून द्या."
सोडून देणं जमायला
नऊ महिने लागले.

सूट दिराचा,
सामनच्या पिंजऱ्यांत बुड्या मारणाऱ्या एलियासेरचा.
गुडघ्याला ठिगळ, आत कायमचा मुरलेला मासळीचा वास.
जानेवारीतल्या गोमाशांना काळा रंग दिसला की पुरे.
काठावर आम्ही साठ जण, सगळे काळे,
हात झटकत शिट्टीची वाट बघत.
पाण्यात शिरले ती शौर्यानं नव्हे,
गोमाशांच्या भीतीनं.

पाण्यानं कपाळ दोन्ही हातांनी धरलं.
श्वास आत गेला आणि परतायचं विसरला.
पहिल्या पिवळ्या बोयापाशी होडीची कड पकडून
मोठ्यांदा मोजत राहिले,
गिऱ्हाइकांची उधारी:
डोन्या इर्मा चार किलो, शाळेचे मास्तर दोन,
गॅरेजवाला अकरा, आणि वर निलाजरा.
अकराशी राग आला.
रागाबरोबर श्वास आला.

सायकल पाव पोचवायची.
टोपली काढली तरी तिचे पट्टे राहिलेच, खडखडत.
चढावर एक जण पुढे गेली, मग सगळेच गेले.
उतारावर मात्र वजन कामी आलं,
दोघांना मागे टाकलं
आणि ते बघायला घरचं कुणी नव्हतं.

उतरले तर पाय माझे नव्हते.
कुणीतरी दोन ओले ओंडके बदलून ठेवले होते.
तिसऱ्या किलोमीटरला मागून टेम्पो लागला,
रस्त्यातले शंकू उचलत.
ठप्प. ठप्प.
माझ्यामागे शर्यत गोळा होत होती.
रोसामेलनं खिडकीतून मान काढली:
"बसा आत. कलिंगड कापलंय."
कलिंगडाचं नाव काढायला नको होतं त्यानं.
मी मान हलवली. बोलायला श्वास कुठे होता!
मग तोही बोलला नाही,
फक्त पुढचा एकेक शंकू हलकेच ठेवू लागला,
झोपलेल्या घरात भांडी ठेवावीत तसा.

कमानीतली हवा सोडली होती,
रस्त्यावर आडवी पडलेली ती.
घड्याळाची वायर गुंडाळून झालेली.
उंबरा ओलांडावा तशी मी कमान ओलांडली.
तोच पोस्टरवाला पोरगा, हातात यादी:
"एकशे बारा... वेळ काय लिहू, सेन्योरा?"
सूर्याकडे बघितलं, भट्टीचा हिशेब केला.
लिही म्हटलं,
संध्याकाळच्या पावाआधी.

दुसऱ्या पहाटे तीनला पिठात हात घातले.
जिना मात्र बसून उतरले होते, एकेक पायरी.
दंडावर मार्करचा आकडा,
साबणानं गेला नव्हता, पिठानंही झाकला नाही.
आठला डोन्या इर्मा आली,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाली,
"एकशे बारा? किलोला की डझनाला?"
तिला किलोभर पाव तोलून दिले, उधारीवरच.
बाही तेवढी खाली ओढली नाही.